नंबर कुणाच्या नावावर?

इच्छापोर सोडून हजिऱ्याकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाट्या सुरू होतात. क्रेन भाड्याने मिळेल, टायर पंक्चर, घरगुती डबा, खोली भाड्याने. या पाट्यांची एक गंमत आहे. दुकानाचं नाव लहान असतं आणि फोन नंबर हातभर मोठा. काही पाट्यांवर तर नावच नसतं. काम काय ते लिहिलेलं आणि खाली दहा आकडे. असं का, ते इथल्या माणसांकडे बघितलं की कळतं. हजिऱ्याच्या कारखान्यांत ओडिशाचे, बिहारचे, उत्तर प्रदेशातले, दक्षिणेकडचे लोक आहेत, आणि आपले खानदेशातलेही आहेत. पाटीवरची गुजराती अक्षरं सगळ्यांनाच लागतात असं नाही. आकडे मात्र सगळ्यांना वाचता येतात. तेव्हा इथे नंबर हेच दुकानाचं नाव.

धंदा काढणारा माणूस नंबर घेताना साधारण दोन प्रश्न विचारतो. लोकांच्या लक्षात राहील का? आणि शुभ आहे का? दोन्ही प्रश्न चुकीचे नाहीत. पण टेलिफोनची हकिकत वाचत गेले तशी माझी खात्री होत गेली की या दोन्हींच्या आधी एक तिसरा प्रश्न विचारायला हवा. हा नंबर नक्की कुणाच्या हातात आहे? हा प्रश्न आपण बायकांनी तर जास्तच विचारायला हवा. का, ते पुढे येईलच.

नंबर नव्हते तेव्हा काय होतं? त्याचं उत्तर हजिऱ्याच्या शेजारीच आहे. इथून जवळ सुवालीचा किनारा आहे. आता सुट्टीच्या दिवशी सुरतकर तिथे समुद्र बघायला येतात. सतराव्या शतकात मोठी जहाजं तिथे नांगर टाकून उभी राहायची, कारण तापीच्या मुखाशी गाळ आणि वाळूचे दांडे. भरलेलं जहाज शहरापर्यंत जाईना. १६१२ च्या नोव्हेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज यांची समुद्रावरची लढाई झाली ती याच किनाऱ्यासमोर. १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो उतरला तोही इथेच. इथे उतरून परदेशी व्यापारी सुरत शहरात गेला की कुणाशी व्यवहार करायचा हे त्याला माणसांच्या नावांवरून कळायचं.

त्या नावांत सगळ्यांत मोठं नाव होतं वीरजी व्होरा. हे जैन व्यापारी. मिरीचा मोठा व्यवहार यांच्या हातात, आणि इंग्रज कंपनीला पैसे कमी पडले की कर्ज देणारेही हेच. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा ज्या धनिकांची घरं लुटली गेली त्यांत वीरजींचंही होतं. मी मराठी आणि जैन, त्यामुळे हा प्रसंग वाचताना माझी जरा पंचाईत होते. पण तो विषय वेगळा. इथे सांगायचं एवढंच की लुटीनंतरही वीरजींचा व्यवहार एका दिवसात संपला नाही. पैसा घरात होता, पण पत नावात होती. आणि नाव काही कुणाला उचलून नेता येत नाही.

ही पत कागदावर चालायची ती हुंडीच्या रूपाने. त्यात एक प्रकार 'शाहजोग' हुंडीचा. तिचे पैसे कुणाही ऐऱ्यागैऱ्याला द्यायचे नाहीत, ज्याला बाजार ओळखतो अशा शाहालाच द्यायचे. म्हणजे त्या काळी ओळख हीच किल्ली होती, आणि ती ओळख ज्याची त्याच्याकडे असायची. मधे कुणी कंपनी नव्हती की खातं नव्हतं.

मग तार आली. आपल्याकडे १८५५ साली ती सर्वसामान्य लोकांसाठी खुली झाली. तारेला शब्दागणिक पैसे पडायचे आणि पत्त्याचे शब्दही मोजले जायचे. पेढीचं लांबलचक नाव, गल्ली, पेठ, गाव असं सगळं लिहायला गेलं तर निरोपापेक्षा पत्ताच महाग. यावर तोड निघाली ती तारेच्या पत्त्याची. पेढीने तारखात्याकडे एक छोटा शब्द नोंदवून घ्यायचा, त्याची वार्षिक फी भरायची. मग तो शब्द आणि गावाचं नाव एवढ्यावर तार बरोबर पोचायची. जुन्या बिलबुकांवर आणि लेटरहेडांवर कोपऱ्यात 'तार' किंवा 'ग्राम' असं लिहून पुढे एक शब्द छापलेला दिसतो, तो हाच. शब्द सोपा हवा, दुसऱ्या कुणाचा नको, तारबाबूने चुकवू नये असा हवा. आज फोन नंबर निवडताना जे डोकं चालवतात तेच तेव्हा त्या एका शब्दासाठी चालवलं जात असणार. फी भरली नाही तर शब्द हातचा जायचा. इथे पहिल्यांदा व्यापाऱ्याची ओळख दुसऱ्याच्या वहीत गेली आणि तिचं भाडं सुरू झालं. तार स्वतः जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा कुणाला त्या शब्दांची आठवणही झाली नाही.

टेलिफोन आला तेव्हा नंबर नव्हतेच. अमेरिकेत न्यू हेवन गावी जानेवारी १८७८ मध्ये पहिलं व्यापारी एक्स्चेंज सुरू झालं. पुढच्याच महिन्यात तिथली टेलिफोन डिरेक्टरी निघाली. डिरेक्टरी म्हणजे एक कागद, त्यावर पन्नास नावं, नंबर एकही नाही. फोन उचलायचा आणि ऑपरेटरला सांगायचं, अमक्या दुकानाला जोडून द्या. १८७९ साली लॉवेल गावात गोवराची साथ आली. तिथल्या डॉक्टर मोझेस पार्कर यांच्या मनात आलं, सगळे ऑपरेटर एकदम आजारी पडले तर नव्या माणसाला कुणाची तार कुठली ते कसं कळणार? तेव्हा प्रत्येकाला आकडा द्या, असं त्यांनी सुचवलं. आकडा आला तो नव्या माणसाचीही अडचण होऊ नये म्हणून. शुभ-अशुभाचा विचार त्यात नव्हता.

दुसरी गोष्ट याहून मजेची, आणि थेट धंद्याची. कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्रोजर नावाचा माणूस होता. त्याचा धंदा अंत्यविधीचं सामान आणि व्यवस्था पुरवण्याचा. सांगतात की त्याला संशय होता, गावातली ऑपरेटर त्याचे फोन त्याच्याकडे न जोडता दुसऱ्या अंत्यविधीवाल्याकडे वळवते, कारण ती त्या दुसऱ्याच्या घरातली. गिऱ्हाईक स्ट्रोजरला मागतंय आणि धंदा जातोय शेजाऱ्याकडे. त्याने वैतागून ऑपरेटरच नको असं यंत्र शोधून काढलं. १८९१ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि पुढच्या वर्षी इंडियाना राज्यात ला पोर्ट इथे तसं पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झालं. पुढे अर्धं जग याच पद्धतीच्या यंत्रांवर बोललं. आपण ज्याला नुसता नंबर फिरवणं म्हणत होतो, त्याच्या मुळाशी एका छोट्या दुकानदाराचा हट्ट आहे, की माझं गिऱ्हाईक आणि मी यांच्या मधे कुणी नको.

आपल्याकडे २८ जानेवारी १८८२ ला मुंबई, कोलकाता आणि मद्रास इथली एक्स्चेंजं रीतसर सुरू झाली. पण टेलिफोन घरोघर यायला पुढची शंभर वर्षं गेली. माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल, फोनसाठी अर्ज केला की वर्षानुवर्षं थांबायचं. आगाऊ पैसे भरून 'ओन युवर टेलिफोन' योजनेत नाव घातलं तर जरा लवकर. अर्ज मुलीच्या बारशाला आणि फोन तिच्या लग्नाला, असं लोक थट्टेने म्हणायचे. तेव्हा नंबर निवडायचा प्रश्नच नव्हता. मिळाला हेच नशीब.

त्या काळची एक खास आपली सोय म्हणजे पी.पी. नंबर. मूळ शब्द ट्रंक कॉलचा, 'पर्टिक्युलर पर्सन', म्हणजे अमक्याच माणसाला बोलवा. पण लेटरहेडवर किंवा लग्नपत्रिकेवर नंबरापुढे कंसात पी.पी. छापलं की त्याचा अर्थ एकच: फोन शेजाऱ्यांचा आहे. शिवणकाम करणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या, पापड-कुरडया करून विकणाऱ्या कितीतरी बायकांचा धंदा या पी.पी. नंबरावर चालला. शेजारीण खिडकीतून हाक मारायची, "अहो, तुमचा फोन!" हातातलं पीठ तसंच, पदराला हात पुसत पळायचं. शेजार चांगला असेल तर ठीक. नळावरून भांडण झालं की त्या दिवसापासून "त्या घरी नाहीत" एवढंच उत्तर गिऱ्हाइकाला मिळायचं. स्ट्रोजरचंच दुखणं, फक्त गाव वेगळं.

ही वाट पाहणं कमी झालं ते ऐंशीच्या दशकात. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली. तिने खेड्यांसाठी छोटं एक्स्चेंज तयार केलं, १२८ लाइनींचं, धूळ आणि उन्हाळा सोसणारं, वातानुकूल खोली न मागणारं. त्यातलं पहिलं जुलै १९८६ मध्ये बसलं ते बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला, राणी चन्नम्माच्या गावी. माझं माहेर त्या बाजूचं, म्हणून हे मला जरा अभिमानाने सांगावंसं वाटतं. त्याच सुमाराला रस्तोरस्ती पिवळ्या पाट्यांचे एस.टी.डी.-पी.सी.ओ. बूथ उभे राहिले.

फोन वाढले आणि मग नंबर निवडण्याला अर्थ आला. याचं सगळ्यांत ठळक उदाहरण मुंबईचं आहे. व्ही. एस. एस. मणी यांनी १९८९ मध्ये फोनवरून दुकानांची माहिती देण्याचा एक उद्योग करून पाहिला होता. तो चालला नाही, कारण मुळात लोकांकडे फोनच कमी होते. १९९६ मध्ये त्यांनी मुंबईत पुन्हा तोच विचार हाती घेतला, 'जस्ट डायल' नावाने. या वेळी हातात नंबर होता ८८८ ८८८८. सात वेळा आठ. प्लंबर कुठे मिळेल, केटरर कोण चांगला, औषधाचं दुकान उघडं आहे का, काहीही विचारायचं असो, आठाचं बटण दाबत राहायचं. हा धंदाच लोकांना नंबर सांगण्याचा, तेव्हा त्याचा स्वतःचा नंबर शोधावा लागणं परवडणारं नव्हतं. पुढे कंपनीने देशभरासाठी दहा वेळा आठ असा नंबर ठेवला.

इथे एक लक्षात घ्या. हाच नंबर पंधरा-वीस वर्षं आधी तितकासा सोयीचा ठरला नसता. जुन्या गोल डायलच्या फोनवर १ फिरवला की एक ठोका पडायचा आणि ० फिरवला की दहा. सात आठ म्हणजे छप्पन्न ठोके, आणि प्रत्येक वेळी डायल परत येईपर्यंत थांबायचं. न्यूयॉर्कला १९४७ मध्ये २१२ हा कोड दिला तो बोट कमी फिरावं म्हणून. आपल्याकडे दिल्ली ०११, मुंबई ०२२, कोलकाता ०३३, चेन्नई ०४४ हे कोड एकदा ऐकले की विसरत नाहीत. सुरतेचा ०२६१ आणि जळगावचा ०२५७ पाठ करावे लागतात. म्हणजे सोपा नंबर कुठला, हेही त्या त्या काळच्या यंत्रावर असतं.

लक्षात ठेवण्याबद्दल मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा निबंध प्रसिद्ध आहे. माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी, दोन इकडे-तिकडे, मनात धरू शकतो असं त्यांनी मांडलं. आपले मोबाइल नंबर दहा आकडी. म्हणून आपण ते तुकड्यांनी म्हणतो. पण तुकडे कसे पाडायचे यातच हजिऱ्यात खरा घोळ होतो. मराठी माणूस जोड्या करून सांगणार, "एकोणनव्वद". गुजराती दुकानदार त्याला "नेव्यासी" म्हणतो आणि बिहारचा वेल्डर "नवासी". आपण "एकोणपन्नास" म्हणावं तर हिंदीवाल्याच्या कानाला ते "पन्नास" ऐकू येतं, कारण त्याच्या भाषेत ते "उनचास". हिंदीतले उनसठ आणि उनहत्तर तर क्रेनच्या आवाजात कुणालाच वेगळे ऐकू येत नाहीत. महाराष्ट्रात जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट' बरोबर 'साठ तीन' असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! त्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर सांगत होत्या की मुलांना ही जोडाक्षरी संख्यानामं अवघड जातात. वाद आपापल्या जागी. पण इथे पाटीवरचा नंबर फोनवर सांगायची वेळ आली की सगळे भाषाभिमान गुंडाळून माणूस एकेक आकडा म्हणायला लागतो, "आठ, नऊ, डबल शून्य". म्हणून ज्याचं गिऱ्हाईक चार भाषांतलं आहे, त्याने नंबर घेण्याआधी तो चार भाषांत मोठ्याने म्हणून बघावा. न अडखळता म्हणता आला तर तो सोपा. दिसायला सुंदर नसला तरी चालेल.

सोपेपणाचं याहून चांगलं उदाहरण म्हणजे १०८. ही रुग्णवाहिकेची सेवा २००५ साली आंध्र प्रदेशात सुरू झाली, गुजरातेत २००७ मध्ये आणि महाराष्ट्रात २०१४ मध्ये आली. हा आकडा देशाला शिकवावा लागला नाही. जपमाळेचे मणी हिंदूंच्या घरी १०८, आम्हा जैनांकडेही १०८. पंचपरमेष्ठींचे गुण मोजले की बेरीज तेवढीच होते. आजीला मोबाइल लावता येत नसेल, पण १०८ तिला लहानपणापासून पाठ आहे.

शुभ-अशुभाचं मात्र पुढे वेडच झालं. चीनमध्ये आठाचा उच्चार भरभराटीच्या शब्दाच्या जवळ जातो. २००३ मध्ये सिचुआन एअरलाइन्स या विमान कंपनीने आठ वेळा आठ असा नंबर लिलावात २३ लाख ३० हजार युआनला घेतला. कतारमध्ये २००६ साली ६६६६६६६ हा नंबर एक कोटी रियालला गेला. तो लिलाव निदान धर्मादाय कामासाठी होता. आपल्याकडे बीएसएनएलसुद्धा 'फॅन्सी' नंबरांचा ऑनलाइन लिलाव करतं. कुणाला शेवटी ७८६ हवा असतो, कुणाला १०८, कुणाला दहा आकड्यांची बेरीज नऊ यायला हवी असते. मी कुणाच्या श्रद्धेला हसत नाही. दिवाळीला आमच्याकडेही चोपडापूजन होतं, वहीच्या पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिलं जातं. पण त्याच वहीच्या पुढच्या पानांवर हिशेब खरा लिहावा लागतो. शुभ-लाभ लिहिलं म्हणून बेरीज आपोआप बरोबर येत नाही. नंबराचंही तसंच.

आता मोबाइलकडे येऊ. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केलेला. तेव्हा दर होता मिनिटाला आठ ते सोळा रुपये, आणि येणाऱ्या फोनलाही पैसे पडायचे. हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. गिऱ्हाइकाने भाव विचारायला फोन केला, माल घेतला नाही, तरी मीटर व्यापाऱ्याचं फिरलं! त्यामुळे नंबर असूनही तो पाटीवर लिहायची छाती होत नव्हती. खास माणसांनाच द्यायचा. १ मे २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले आणि मग मोबाइल नंबर खऱ्या अर्थाने दुकानावर चढला. एका दृष्टीने हजिऱ्याच्या रस्त्यावरच्या त्या हातभर आकड्यांचा जन्म तिथला.

सुरतेच्या कापडबाजारात अजूनही ९८२५० ने सुरू होणारा नंबर दिसला की लोक म्हणतात, पेढी जुनी आहे. मुंबईत ९८२०० किंवा ९८२१० ला तोच मान. हे आकडे पहिल्या मोबाइल कंपन्यांना मिळालेले. पण या मानाची दुसरी बाजूही होती. कंपनी बदलली की नंबर जायचा. दुसऱ्या कंपनीचा दर निम्मा असला तरी व्यापारी हलू शकत नव्हता, कारण पाट्या, बिलबुकं, पिशव्या, गिऱ्हाइकांच्या डायऱ्या, सगळीकडे तो नंबर बसलेला. ज्याला दोन परवडायचे तो दोन फोन ठेवायचा. बाकीचे गुपचूप जास्त बिल भरायचे. तारेच्या शब्दाचं भाडं होतं, तसंच हेही भाडंच.

ही बेडी तुटली ती नंबर पोर्टेबिलिटीने. नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर. १९०० वर एक मेसेज करायचा, कंपनी बदलायची, नंबर तोच. जुलै २०१५ पासून राज्य बदललं तरी नंबर नेता येऊ लागला. खानदेशातून सुरतेला आलेल्या माणसाला गावाकडचा नंबर इथेही चालवता येतो. याची खरी किंमत २०१७ च्या अखेरीला कळली. रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाइलवर बोलण्याची सेवा तेव्हा बंद झाली, पण गिऱ्हाइकांना आपले नंबर घेऊन दुसऱ्या कंपनीत जायला मुदत मिळाली. दहा वर्षं आधी हेच झालं असतं तर किती दुकानं एका रात्रीत बिनपत्त्याची झाली असती, विचार करा.

तरीही कायद्याने नंबर आपला होत नाही. क्रमांकांची राष्ट्रीय योजना त्याला राष्ट्राची संपत्ती मानते. आपण फक्त वापरणारे. त्यातही, कागदावर ज्याचं नाव त्याचा तो वापर. आणि इथेच आपल्या बायकांची गोष्ट सुरू होते.

आमच्या टाउनशिपमध्ये एक वहिनी राहायच्या. भाजणी, गोडा मसाला, मेतकूट आणि नंतर इथे शिकून घेतलेले खाकरे, असं घरून करून विकायच्या. जाहिरात कसली नाही. एकीने दुसरीला नंबर द्यायचा. आठ वर्षांत गिऱ्हाईक सुरत शहरापर्यंत गेलं. नंबर होता त्यांच्या यजमानांच्या कारखान्याने दिलेल्या जोडीतला. एक यजमानांकडे, दुसरा घरी. फुकट बोलता यायचं, म्हणून कुणाच्या मनात वेगळा नंबर घ्यायचं आलं नाही. यजमानांनी नोकरी बदलली तेव्हा लॅपटॉप, ओळखपत्र आणि दोन्ही सिम कार्डं परत द्यावी लागली. कारखान्याचं त्यात काही चुकलं असं नाही. कार्डं त्यांच्या नावावरचीच. त्या वस्तूंच्या यादीत एक धंदाही परत गेला, हे फक्त कुणाच्या लक्षात आलं नाही. बंद झालेला नंबर नव्वद दिवस कुणाला देत नाहीत, त्यानंतर देतात. काही महिन्यांनी त्या नंबरावर फोन केला तर एक परका माणूस बोलायचा. दिवाळीच्या आधी त्याला "ताई, दोन किलो भाजणी" असे फोन आले असतील. वहिनींना त्यातला एकही नाही.

त्यांनी नवा नंबर घेतला, पुन्हा सुरुवात केली. त्या हिमतीच्या. पण जे गेलं ते नुसते फोन नव्हते. आता नंबराला बँक जोडलेली असते, यूपीआय असतं, व्हॉट्सअ‍ॅपवरची गिऱ्हाइकांची यादी असते, जीएसटीचा ओटीपी असतो. पूर्वी दुकानाला एक कुलूप असायचं, त्याची किल्ली गल्ल्यावर बसणाऱ्याच्या कमरेला. आता सगळ्या कुलपांना मिळून एकच किल्ली झाली आहे, ती म्हणजे हे दहा आकडे. ती किल्ली यजमानांच्या, मुलाच्या किंवा कुठल्याशा कार्यालयाच्या नावावर ठेवून आपण निर्धास्त पापड लाटत बसतो. पी.पी. नंबर लेटरहेडवरून गेला खरा. बायकांच्या धंद्यातून तो अजून पुरता गेलेला नाही.

मला कुणी विचारलं की धंद्यासाठी नंबर कसा घ्यावा, तर मी आता याच क्रमाने सांगते. आधी आपल्या नावावर घ्या, आपल्या आधार कार्डावर. सध्या वापरात असलेला नंबर कंपनीच्या नावावर असेल तर नोकरी सुटायच्या आधी कंपनीचं पत्र घेऊन तो स्वतःच्या नावावर करून घेण्याची वाट असते. राजीनामा दिल्यावर नव्हे, आधी विचारायचं. आपल्या नावावर कुठले नंबर चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर बघता येतं, ते एकदा बघावं. मग नंबर मोठ्याने म्हणून बघा, मराठीत, गुजरातीत, हिंदीत. धंद्याचा आणि घरचा नंबर वेगळा ठेवा, म्हणजे रात्री अकराला मुलीचा फोन आहे की ऑर्डर, हे न बघता कळेल. १८०० चे नंबर, ज्यात फोन करणाऱ्याला पैसे पडत नाहीत, ते मोठ्या कंपन्यांसाठी आहेत. दहा किलो मसाला विकणारीला त्याची गरज नाही. आणि हे सगळं झाल्यावर शेवटी नऊची बेरीज आली, १०८ मिळाला, तर आनंदाने घ्या. कोण नाही म्हणतंय?

एवढं करून नंबर मिळाला की तो बदलू नये आणि वाजला की उचलावा. वीरजी व्होरांकडे नंबर नव्हता. त्यांचं नाव सुवालीला उतरणाऱ्या खलाशांपर्यंत पोचलं ते वर्षानुवर्षं शब्द पाळल्यामुळे. आपल्या दहा आकड्यांनाही मान येतो तो तसाच, हळूहळू. आणि आला की तो आपल्याच नावावर जमा व्हायला हवा. त्या वहिनी आता बडोद्याला असतात. त्यांच्या भाजणीच्या पाकिटावर छापलेला नंबर मी बघितला. आकडे अगदी साधे आहेत, एकही जोडी नाही. कार्ड त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे.